शितावरून भाताची परीक्षा

श्रोतेहो, चुलीवर भात शिजत असतो. आई झाकण काढते, पळीनं दोन शितं उचलते, बोटांत चेपून पाहते आणि म्हणते, "झाला." पातेल्यात शितं हजारो, तिनं पाहिली दोनच. तरी तिचा निकाल सहसा चुकत नाही. पण एखाद्या दिवशी चुकतोच. वरची शितं मऊ असतात आणि बुडाशी भात कच्चा निघतो. मग घरात चर्चा सुरू होते. दोष कोणाचा? आईचा, ओल्या सरपणाचा, की नुसत्या दैवाचा?

हा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही, बरं का! विसाव्या शतकात जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांना याच प्रश्नानं घेरलं होतं. रोज लाखो नग तयार होतात. सगळे तपासायचे तर तपासनीसच कामगारांहून जास्त ठेवावे लागतील. मग किती तपासायचे? तपासलेल्यांत काही वाईट निघाले, तर यंत्र थांबवायचं की चालू ठेवायचं? आणि शेवटचा, सर्वांत नाजूक प्रश्न म्हणजे दंड कोणाला करायचा?

या प्रश्नांची उत्तरं ज्या शास्त्रानं दिली, त्याला संभाव्यतेचं गणित म्हणतात. त्याचा जन्म जुगाराच्या फाशांतून झाला, हे शिक्षक मंडळींना ठाऊकच असेल. फाशांचं हे गणित कारखान्याच्या कारभारात कसं आलं, आणि त्यात तुमचा आमचा काय संबंध, ती हकीगत आज सांगायची आहे.

ही हकीगत सुरू होते आयर्लंडमधल्या डब्लिन शहरी, गिनेस नावाच्या बिअरच्या कारखान्यात. १८९९ साली विल्यम सीली गॉसेट हा तरुण तिथं नोकरीला लागला. ऑक्सफर्डला गणित आणि रसायन शिकलेला. कारखान्यात येणारा माल म्हणजे जव आणि हॉप नावाच्या वेलीची फुलं. म्हणजे शेतीचाच माल. आणि शेतीचा माल कधी दोनदा सारखा येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. या वाफ्यातलं पीक चांगलं, शेजारच्या वाफ्यातलं हलकं. गॉसेटपुढं अडचण अशी की, त्याच्या हातात नमुने असत चार, पाच, फार तर दहा. त्या काळचं संख्याशास्त्र शेकडो नमुन्यांवर बेतलेलं. चार शितांवरून भाताची परीक्षा करायची, तर चूक किती होईल, हे कोणीच सांगत नव्हतं.

गॉसेट लंडनला कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाकडे काही काळ राहून आला आणि १९०८ साली त्यानं या प्रश्नाचं उत्तर छापलं. नमुना लहान असेल तर आपल्या निकालाभोवती शंकेची हद्द किती रुंद ठेवावी, याचं ते गणित होतं. कारखान्याच्या नियमामुळं नोकरांना स्वतःच्या नावानं लिहिता येत नसे. म्हणून त्यानं लेखाखाली सही केली ती 'स्टूडंट', म्हणजे 'विद्यार्थी' या नावानं. आजही जगातल्या प्रत्येक विद्यापीठात ती रीत त्याच नावानं शिकवतात. शिक्षक बंधुभगिनींनो, एवढं मोठं काम करून 'विद्यार्थी' म्हणवून घेणारा हा माणूस आपल्या वर्गात सांगण्यासारखा आहे.

त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये दुसरा एक माणूस वेगळ्याच कोड्यात गुंतला होता. त्याचं नाव आग्नर क्रारूप एर्लांग. शाळामास्तराचा मुलगा, आणि स्वतःही काही वर्षं शाळेत शिकवलेला. १९०८ साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. कंपनीला जाणून घ्यायचं होतं की, तारा किती टाकाव्यात? कमी टाकल्या तर गिऱ्हाईक खोळंबतं, जास्त टाकल्या तर पैसा पडून राहतो. लोक फोन केव्हा करतील, हे तर कोणीच सांगू शकत नाही. पण एर्लांगनं १९०९ साली दाखवून दिलं की, एकेकट्याची लहर बेभरवशाची असली तरी पुष्कळांच्या लहरींना मिळून एक शिस्त असते. १९१७ साली त्यानं खोळंब्याची सूत्रंही मांडली.

या सूत्रांची करामत आपल्या गावच्या पिठाच्या गिरणीत पाहू. समजा, दर सहा मिनिटांनी सरासरी एक बाई दळण घेऊन येते, आणि एक दळण व्हायला सरासरी पाच मिनिटं लागतात. भोळा हिशेब म्हणतो, गिरणीवाल्याला दर दळणामागं एक मिनिट विश्रांती. रांग लागणारच नाही. पण येणाऱ्या बायका घड्याळ लावून येत नाहीत. कधी तिघी एकदम येतात, कधी अर्धा तास कोणी फिरकत नाही. कोणाची पायली, कोणाचं पोतं. येणं आणि दळणं, दोन्ही पूर्ण बेभरवशाचं धरलं तर गणित सांगतं की, दर बाईला आपली पाळी येईपर्यंत सरासरी पंचवीस मिनिटं थांबावं लागेल! आणि गिरणी थोडी सुधारून पाच मिनिटांचं दळण सरासरी चार मिनिटांत होऊ लागलं तर? थांबणं पंचविसावरून आठ मिनिटांवर येतं. सुधारणा एका मिनिटाची, सुटका सतरा मिनिटांची. सरासरीवर विसंबणारा कारभारी इथंच फसतो. रांग लांबली की तो गिरणीवाल्याला आळशी म्हणतो. पण गिरणीवाला एक क्षणही रेंगाळलेला नसतो.

आता आपण अमेरिकेला जाऊ. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. तिथं टेलिफोनचं सामान तयार होई. एका जागी बिघडलेला एक भाग साऱ्या ओळीला मुका करी, म्हणून मालाच्या दर्जाची फार काळजी घेतली जाई. पण काळजीनंच घोटाळा होत असे. एखादा नग मापात जरा मोठा आला की कामगार यंत्र मागं सारी. पुढचा लहान आला की पुन्हा पुढं सारी. प्रत्येक चुकीची दुरुस्ती करता करता माल आणखीच ओबडधोबड होई.

वॉल्टर शूहार्ट हा पदार्थविज्ञानाचा पदवीधर १९१८ साली या कंपनीत आला होता. १६ मे १९२४ रोजी त्यानं आपल्या वरिष्ठांना एक टिपण दिलं. जेमतेम एक पान. त्यातली सुमारे तिसरा हिस्सा जागा एका आकृतीनं घेतलेली. पण कारखान्यांच्या इतिहासात त्या एका पानानं मोठा फरक पडला.

आकृती अगदी साधी. मधे एक आडवी रेघ, ती सरासरीची. वर एक रेघ, खाली एक रेघ, त्या हद्दीच्या. रोजच्या तपासणीचा निकाल एका ठिपक्यानं मांडत जायचं. ठिपके दोन हद्दींच्या आत, कसलाही क्रम न धरता, वरखाली नाचत असतील, तर तो चढउतार नेहमीच्या बारीकसारीक कारणांचा समजायचा. कापसाचा तंतू, हवेतला ओलावा, हाताचा थोडा फरक, अशी शेकडो कारणं. त्यांतलं एकही एकटं पकडता येत नाही. शूहार्टनं त्यांना आकस्मिक कारणं म्हटलं. पण ठिपका हद्द ओलांडून गेला, तर काहीतरी खास घडलं आहे. जाऊन पाहा, शोधा, दुरुस्त करा. एखादं पातं झिजलं असेल, नवा माल आला असेल, कोणी नवखा माणूस कामावर बसला असेल. हे सापडणारं कारण.

हद्द कुठं आखायची, हेच संभाव्यतेचं काम. शूहार्टनं ती सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर आखली. नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या वाटपात निव्वळ योगायोगानं ठिपका या हद्दीबाहेर जाण्याचा संभव हजारात सुमारे तीन. म्हणजे खोटी हाकाटी क्वचित होते, आणि खरी आग लागली तर ती लपत नाही.

शूहार्टनं सांगितलं की, कारभारी दोन प्रकारच्या चुका करतो. पहिली, आकस्मिक चढउताराला खास कारण समजून कोणाच्या तरी मागं लागणं. दुसरी, खास कारण घडलेलं असताना 'चालायचंच' म्हणून सोडून देणं. दोन्ही चुका पूर्ण टाळता येत नाहीत; दोहोंचा मिळून तोटा कमीत कमी व्हावा, एवढंच माणसाच्या हातात आहे. १९३१ साली त्यानं हा सारा विचार ग्रंथरूपानं मांडला.

मंडळी, पहिल्या चुकीत दंड कोणाला होतो, याचा जरा विचार करा. महिन्याच्या शेवटी मुकादम वही काढतो. ज्याचा माल सर्वांत जास्त बिघडला, त्याचे पैसे कापतो. पण दहा माणसं सारख्याच यंत्रावर सारख्याच कुशलतेनं काम करीत असली, तरी त्या दहांत कोणीतरी एक सर्वांत खाली असणारच! ते निव्वळ मोजणीचं फळ आहे. त्याला गुन्हा मानणं म्हणजे फासे चुकीचे पडले म्हणून सोंगट्यांना फटके मारणं.

हे शब्दांनी पटत नाही, म्हणून एक प्रयोग सांगतो. अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ विल्यम एडवर्ड्‌स डेमिंग आपल्या व्याख्यानांत तो लाल आणि पांढऱ्या मण्यांनी करून दाखवीत. आपण चिंचोक्यांनी करू. गुरुजी, आठशे साधे चिंचोके आणि दोनशे लाल रंगवलेले चिंचोके एका घमेल्यात चांगले कालवा. पाच मुलांना कामगार करा. लाल चिंचोका म्हणजे बिघडलेला माल. प्रत्येकानं डोळे मिटून पन्नास चिंचोके काढायचे, लाल मोजायचे, आणि पुन्हा घमेल्यात टाकून कालवायचे. सरासरी दहा लाल येतील. पण कोणाला सहा येतील, कोणाला चौदा. आता चौदावाल्याला रागवा आणि सहावाल्याची पाठ थोपटा. मग पुन्हा काढायला लावा. बहुधा चौदावाला सुधारलेला दिसेल आणि सहावाला घसरलेला! तुम्हाला वाटेल, रागावण्याचा उपयोग झाला आणि शाबासकीनं पोरगा शेफारला. प्रत्यक्षात दोघंही डोळे मिटून हात घालीत होते. फार वर गेलेला निकाल पुढच्या खेपेस सरासरीकडे झुकतो, फार खाली गेलेलाही झुकतो. हा झुकाव फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकातच आईबाप आणि मुलं यांच्या उंचीत दाखवून दिला होता.

वरच्या वर्गातल्या मुलांना हद्दही काढता येईल. पन्नास गुणिले एक पंचमांश गुणिले चार पंचमांश, म्हणजे आठ. आठाचं वर्गमूळ सुमारे २.८. त्याची तिप्पट सुमारे ८.५. दहातून ८.५ वजा केले आणि दहात मिळवले, की दीड ते साडेअठरा ही हद्द आली. म्हणजे दोन लाल आणि अठरा लाल हे दोन्ही निकाल एकाच घमेल्याचे, एकाच दैवाचे. माल सुधारायचा असेल तर मुलांना ओरडून काय होणार? घमेल्यातले लाल चिंचोके कमी करायला हवेत. आणि घमेलं तर कारभाऱ्याच्या ताब्यात असतं!

आता वळू कापडाच्या गिरण्यांकडे. इथं आपला, विशेषतः कोकण-घाटावरच्या घराघरांचा, जिव्हाळ्याचा संबंध येतो. मँचेस्टरच्या कापूस संशोधन संस्थेत एल. एच. सी. टिपेट नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. १९२७ साली त्यांनी ४१,६०० अंकांचं एक पुस्तक छापलं. त्यात सूत्र नाही, वाक्य नाही. जनगणनेच्या आकड्यांतून उचललेले निव्वळ अंक. नमुना निवडताना आपल्या मनाची आवड-निवड आड येऊ नये, म्हणून या अंकांनी निवड करायची. भात ढवळण्याची ही पळीच म्हणा ना!

टिपेट यांनी विणकाम खात्यातल्या साच्यांचा अभ्यास केला. साचा किती वेळ चालतो आणि किती वेळ बंद राहतो, हे काढायला पूर्वी घड्याळ घेऊन एकेका साच्यापाशी दिवसभर उभं राहावं लागे. टिपेट यांनी १९३५ साली छापलेल्या लेखात वेगळी युक्ती सांगितली. अधूनमधून खात्यातून एक फेरी मारायची, आणि त्या क्षणी कोणता साचा चालू, कोणता बंद, एवढंच टिपायचं. जणू डोळ्यांनी घेतलेला फोटो. अशा हजार नोंदींत आठशे 'चालू' निघाल्या, तर साचे शेकडा ऐंशी वेळ चालतात, आणि या अंदाजात चूक झालीच तर बहुधा अडीच टक्क्यांच्या आत, असं ठामपणे सांगता येतं. शितावरून भात, आणि चुकीची हद्दही सोबत!

या हिशेबातून आणखी एक गोष्ट उजेडात येते, आणि ती मुंबईच्या गिरणगावाला चांगलीच भोवली होती. १९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा फार मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्याच्या कारणांत एक कारण होतं कामाचा वाढता बोजा. दोन साच्यांच्या जागी एका विणकऱ्यानं तीन साचे सांभाळावेत, असा काही गिरण्यांचा आग्रह होता. मालक म्हणत, साचा तर आपोआप चालतो. सूत तुटलं तरच हात लावायचा. कामगार म्हणत, जीव मेटाकुटीला येतो. कोण खरं?

आपण एक सोपा हिशेब करून पाहू. हे आकडे उदाहरणापुरते, बरं का. समजा, प्रत्येक साचा दहा क्षणांतून एक क्षण बंद पडलेला असतो, आणि साचे एकमेकांवर अवलंबून नाहीत. दोन साचे असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा संभव शंभरात एक. तीन साचे असतील, तर दोन किंवा अधिक एकाच वेळी बंद असण्याचा संभव शंभरात जवळजवळ तीन. चार साच्यांना शंभरात पाचांहून अधिक. सहा साच्यांना शंभरात अकराच्या वर. साचे दुप्पट झाले की दोन बाजूंनी ओढाताण होण्याचा प्रसंग पाचपट होतो! कामगार जे अंगावर सोसत होता, त्याला या गणितानं आकडा दिला. मालकाचं म्हणणं सरासरीचं होतं, कामगाराचं म्हणणं एकाच वेळी तुटणाऱ्या दोन धाग्यांचं होतं. १९२८ साली दोन्ही बाजूंनी हा कागद मधे ठेवून बोलणी केली असती तर संप टळला असता, असा दावा मी करणार नाही. पोटाचे तंटे एकट्या गणितानं मिटत नाहीत. पण वाद तरी नेमका कशाचा आहे, ते कळलं असतं.

दुसरं महायुद्ध आलं. दारूगोळ्याची तपासणी कशी करायची? तोफेचा गोळा चांगला आहे की नाही, हे उडवूनच कळतं. आणि उडवला की तो संपला. इथं शितावरून भात ओळखण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. अब्राहम वाल्ड हे गणिती त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांनी दाखवलं की नमुना किती घ्यायचा, हे आधी ठरवून टाकायचीही गरज नाही. एकेक नग पाहत जा, आणि पुरावा पुरेसा झाला की थांबा. आई तरी काय करते? पहिलं शीत चेपलं, शंका आली, तर दुसरं घेते. युद्धकाळात ही रीत गुप्त ठेवली होती, एवढी तिची किंमत. याच वाल्डांचा शेवट आपल्या देशात झाला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते व्याख्यानांसाठी आले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून ते आणि त्यांच्या पत्नी मरण पावले.

आपल्याकडे या विद्येची मुळं रुजवली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. कलकत्त्याला त्यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढली. त्यांच्या बोलावण्यावरून खुद्द शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले. देश नुकताच स्वतंत्र झालेला. कारखाने थोडे, गरजा अफाट. वाया जाणारा माल आपल्याला परवडण्याजोगा नव्हता. पुढं १९५३ साली या संस्थेनं कारखान्यांना दर्जा-नियंत्रण शिकवण्यासाठी आपलं पहिलं केंद्र मुंबईत उघडलं. हद्दीच्या रेघा आणि ठिपके आपल्या गिरण्यांच्या खात्यांत पोचले.

जपानची गोष्ट याच काळातली. युद्धात बेचिराख झालेल्या त्या देशात १९५० च्या उन्हाळ्यात डेमिंग गेले. त्यांनी इंजिनियरांना ठिपके मांडायला शिकवलं, आणि कारखान्यांच्या धन्यांना समोर बसवून सांगितलं की, दर्जाची जबाबदारी पहिली तुमची. त्या व्याख्यानांच्या पुस्तकाचं मानधन त्यांनी घेतलं नाही. त्यातून १९५१ साली त्यांच्याच नावाचं पारितोषिक सुरू झालं. एके काळी जपानी माल म्हणजे तकलादू, अशी समजूत होती. ती पुढं कशी पालटली, हे साऱ्या जगानं पाहिलं.

तुम्ही म्हणाल, हे सारं कारखान्यांचं झालं, शेतकऱ्याला काय? तर ऐका. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ. पूर्वी पिकाचा अंदाज आणेवारीवर चाले, म्हणजे नजरेच्या अदमासावर. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी चाळीसच्या दशकात त्याऐवजी नमुना पद्धतीचा पुरस्कार केला. गावं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, शेतं तशीच निवडायची, शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखून तेवढंच पीक कापून, मळून, तोलायचं. पीक कापणी प्रयोग तो हाच. त्यावर पुढं विम्याच्या भरपाईचे हिशेब बसवले गेले. म्हणून तुमच्या शिवारात तुकडा आखायला माणूस आला, तर त्याला 'तिकडचं चांगलं पीक घ्या' किंवा 'इकडचं वाईट घ्या' असं सांगू नका. आणि तो स्वतः सोयीचा कोपरा निवडू लागला, तर त्याला जरूर हटका. ढवळल्याशिवाय उचललेलं शीत भाताची साक्ष देत नाही.

आता शेवटचा टप्पा. कारखाना इतका गुंतागुंतीचा झाला की, त्याचं सूत्र मांडणंच अशक्य होऊ लागलं. १९४६ साली स्टानिस्लाव उलाम हे गणिती आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव मांडीत बसले होते. डाव सुटण्याचा संभव किती, हे गणितानं निघेना. त्यांच्या मनात आलं की, शंभर डाव मांडावेत आणि किती सुटले ते मोजावं! याच कल्पनेला गणकयंत्राची जोड मिळाली. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये शेफील्डच्या एका पोलाद कंपनीत के. डी. टोचर यांनी भट्ट्या, यारी आणि रांगा यांची नक्कल गणकयंत्रात चालवण्याची व्यवस्था केली. यंत्र फासे टाकतं, भट्टी तापते, माल खोळंबतो, सारं आकड्यांत. नवी भट्टी बांधण्याआधीच हजार दिवसांचा कारभार कागदावर पाहून घेता येतो. आज मोठे कारखाने, बंदरं, इस्पितळं असा नकली कारभार चालवून मगच खरा बदल करतात.

एवढं सांगून झाल्यावर या विद्येची मर्यादाही सांगितली पाहिजे. साच्यांच्या हिशेबात आपण धरलं की साचे एकमेकांवर अवलंबून नाहीत. पण वीज गेली तर सगळेच साचे एकदम बंद! सूत हलकं आलं तर सगळीकडेच तुटणार. अशा वेळी आपला हिशेब धोका कमी दाखवतो. म्हणून गणित मांडण्याआधी खात्यात जाऊन पाहावं, तिथल्या माणसाला विचारावं. शूहार्टच्या हद्दीबाहेरचा ठिपका नुसता हाक मारतो, कारण सांगत नाही. ते त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला जास्त ठाऊक असतं. त्याला धाक असेल तर तो बोलणार नाही, आणि मग आकडेही खोटे येऊ लागतील.

शिक्षक मित्रांनो, आपल्या हाताखाली यंत्रं नाहीत, मुलं आहेत. तरी हा कागद आपल्या उपयोगाचा आहे. एखाद्या मुलाचे वर्षभराच्या चाचण्यांचे गुण ठिपक्यांनी मांडून पाहा. एका चाचणीत पाच गुण कमी पडले, तर छडी उचलण्याआधी बघा, ते त्याच्या नेहमीच्या चढउतारातले आहेत का. बहुधा असतील. पण ठिपका एकदम खाली कोसळला, किंवा सलग सात-आठ वेळा सरासरीच्या खालीच राहू लागला, तर मात्र गप्प बसू नका. त्याच्या घरी जा. बाप आजारी असेल, पोर पहाटे उठून पाणी भरत असेल, किंवा त्याला फळाच दिसत नसेल. आणि सगळ्या वर्गाचेच ठिपके खाली असतील, तर मुलांकडे बघू नका. तेव्हा घमेल्याकडे बघायचं. म्हणजे आपल्याच शिकवण्याकडे.

आज संध्याकाळी घरी भात शिजेल. आई पळी उचलेल. जरा थांबून पाहा; ती वरवरचं शीत घेत नाही, पळी खाली घालून, ढवळून मग उचलते. गॉसेट, शूहार्ट, वाल्ड ही नावं तिनं ऐकलेली नसतील. पण नमुना कुठून घ्यावा, हे तिला पक्कं ठाऊक आहे. आणि बुडाशी एखादे वेळी कच्चं राहिलंच, तर तिला बोल लावण्याआधी सरपण ओलं होतं का, तेवढं विचारा.